दुकान सोडून काहीही कर

भंडारा जिल्ह्यातला नोकरदार बाप पोराला एकच आशीर्वाद देतो: "बेटा, भरपूर शिक, कुठंही जाय, दुकान सोडून कायीही कर." आशीर्वाद देणारा जिल्हा परिषदेचा गुरुजी असो, जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतला असो, की वरठीच्या सनफ्लॅगमध्ये पाळी करणारा असो, शब्द बदलत नाहीत. गंमत अशी की याच माणसाचा आजा पितळेचे गुंड ठोकत होता, नाहीतर मोहाडी-आंधळगावकडे मागावर बसून कोसा विणत होता. भंडाऱ्याला पितळनगरी हे नाव त्या ठोकणाऱ्यांनी मिळवून दिलं. पुढे स्टील आलं, भट्ट्या थंडावल्या, आणि घरोघरी एकमताने ठराव झाला की पुढच्या पिढीने पहिल्या तारखेला पगार होईल असंच काहीतरी करायचं.

मी त्या ठरावात बसलो नाही. भंडाऱ्यात कचेऱ्यांच्या रस्त्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, ऑनलाइन फॉर्म. लग्नपत्रिकेत माझ्या भावांच्या नावापुढे त्यांचं खातं छापतात. माझ्या नावापुढे काय छापावं यावर दरवेळी घरात बैठक होते आणि शेवटी काहीच छापत नाहीत. पाहुण्यांना ओळख करून देताना "हा घरीच असतो" म्हणतात. मी सकाळी आठला शटर उचलतो आणि रात्री नऊला पाडतो, त्याला आमच्याकडे घरी असणं म्हणतात. पण परदेशी शिकायला निघालेली जिल्ह्यातली बरीच पोट्टी माझ्या मशीनखालून जातात. तिकडच्या कॉलेजात काय शिकवतात ते मला ठाऊक नाही. व्हिसाच्या अटी मात्र मला त्यांच्या बापाच्या आधी वाचायला मिळतात.

हल्ली ही पोट्टी वाढली आहेत. कोणी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या खटपटीत असतो. समाजकल्याण खात्याच्या त्या योजनेत साऱ्या राज्यातून ७५ जण निवडले जातात, आणि त्या ७५ मध्ये बसण्यासाठी दाखल्यांच्या ज्या प्रती निघतात त्यांवर माझ्या दुकानाचं वीजबिल निघतं. बाकीचे कर्ज काढतात, शेत गहाण ठेवतात, किंवा दोन्ही करतात. सातबाऱ्याची प्रत मागायला आलेला बाप गप्प असेल तर पोराला व्हिसा मिळालेला आहे, आणि बडबड करत असेल तर अजून मिळायचा आहे, एवढं मी काउंटरवरून सांगू शकतो.

माझा भाचा इंग्लंडला गेला. मोहाडीला दिलेल्या ताईचा हा एकुलता एक मुलगा. भाऊजी, म्हणजे त्याचे वडील, निवृत्त गुरुजी. इंग्लंडच्या विद्यार्थी व्हिसाची एक अट अशी आहे की फी आणि नऊ महिन्यांपर्यंतचा राहण्याखाण्याचा खर्च एवढी रक्कम खात्यात सलग २८ दिवस असली पाहिजे. ही अट लिहिणाऱ्याने धान पिकवणारा जिल्हा पाहिलेला नाही. आमच्याकडे धानाचे पैसे खात्यात येण्याआधी त्यांची वाट पाहणारे येऊन बसलेले असतात: खतवाला, ट्रॅक्टरवाला, सोसायटीचा सचिव, आणि ज्याच्या घरी लग्न निघालं आहे असा कोणीतरी साळा. हा साळा बहुधा मीच असतो, म्हणून मला अनुभव आहे. त्या २८ दिवसांत ताईच्या घरी कोणाला आजारी पडायची परवानगी नव्हती. मोटारपंप जळला, तो तसाच ठेवला. भाऊजी रोज सकाळी बँकेत जाऊन पासबुक छापून आणत आणि रक्कम रात्रीतून हलली नाही याची खात्री करून माझ्याकडून त्याची झेरॉक्स काढून घेत. खातं तेच, आकडा तोच, प्रती मात्र रोज नव्या. पुढे त्यांनी त्या क्रमाने लावून फायलीत ठेवल्या.

नागपूरच्या विमानतळावर भाऊजींनी पोराला जवळ घेतलं आणि परंपरेने चालत आलेला आशीर्वाद दिला. पोराने वाकून नमस्कार केला आणि तिकडे कोव्हेंट्रीत उतरून, थंडीचा पहिला कडाका ओसरायच्या आत, मला व्हिडिओ कॉल लावला.

"मामाजी, मी एक स्टार्टअप करून रायलो."

"म्हणजे दुकान?"

"दुकान नाही जी. स्टार्टअप."

"विकणार काय?"

"कोसा."

"मग दुकानच ते. बाबाले सांगतलं?"

फोनवर नेटवर्क गेलं. कोव्हेंट्रीत नेटवर्क नेमकं अशा वेळी जातं हे पुढेही अनेकदा माझ्या लक्षात आलं.

या पोरांच्या डोक्यात हे येतं कुठून, याचा मी शोध घेतला आहे. येतं ते हाउन्स्लोहून. लंडनच्या त्या उपनगरात सुजय सोहनी आणि सुबोध जोशी या मुंबईतल्या रिझवी कॉलेजात हॉटेल मॅनेजमेंट शिकलेल्या दोन मित्रांनी २०१० साली वडापाव विकायला सुरुवात केली. मंदीत नोकरी गेलेली, खिसा रिकामा. एका पोलिश आइस्क्रीम कॅफेने महिन्याला ४०० पौंड भाड्यावर कोपऱ्यातली जागा दिली. त्यातून श्री कृष्ण वडापाव उभं राहिलं, वाढलं, नावारूपाला आलं. गोष्ट खरी आहे आणि अभिमान वाटावा अशीच आहे. कौटुंबिक व्हॉट्सॲप ग्रुपवर ती दर काही महिन्यांनी नव्याने येते, खाली गुलाबाचं फूल आणि "मराठी माणूस मागे नाही" असं लिहून. गोष्टीत मंदी असते, आइस्क्रीमवाला असतो, पहिला वडा असतो. व्हिसाचा रकाना त्या फॉरवर्डमध्ये कधीच नसतो. गोष्ट वाचणारा पोट्टा तिकडे विद्यार्थी म्हणून बसलेला असतो, आणि त्याच्या व्हिसावर नेमकं हेच करायला मनाई असते.

पण मनाईपर्यंत पोचायच्या आधी माल ठरवायचा होता. भाच्याने पहिल्यांदा पितळेचं ठरवलं होतं. एक गुंड कोव्हेंट्रीला पाठवायचं कुरिअरचं बिल मी काढून दिलं; तेवढ्यात इथे तसे बरेच गुंड येतात. मग चिन्नोर तांदूळ. भंडाऱ्याच्या चिन्नोरला भौगोलिक मानांकन आहे, आणि शेजारच्या बालाघाटच्या चिन्नोरलाही आहे, त्यामुळे कोव्हेंट्रीत दुकान उघडायच्या आधी सीमेवर बालाघाटवाल्यांशी भांडण उघडावं लागलं असतं. मग लाखोळीच्या डाळीचे वडे निघाले. ही डाळ १९६१ पासून देशात विक्रीबंदीत अडकलेली. पुढे महाराष्ट्राने बंदी उठवली, पण तिकडच्या अन्न निरीक्षकासमोर हा इतिहास सांगत बसायची भाच्याची तयारी नव्हती. शेवटी उरला कोसा, आणि तो मात्र खरोखर चांगला माल आहे. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर अळ्या वाढतात, ढीवर मंडळी पिढ्यान्‌पिढ्या जंगलात त्यांची राखण करतात, पाखरांना हाकलतात, कोष उतरवतात. मोहाडी, आंधळगाव, पवनीकडचे कोष्टी त्यावर करवतकाठी विणतात. करवतीच्या दात्यांचा तो काठ विणायला तीन धोटे लागतात. वजनाला हलका, घडीत मावणारा, आणि भाच्याचा पणजा स्वतः विणायचा. म्हणजे कोव्हेंट्रीतला स्टार्टअप हा मोहाडीतल्या बंद पडलेल्या मागाचाच पुढचा अंक होता.

मी इंग्लंडच्या अटींचे कागद काढले, भाऊजींना दुकानात बोलावलं आणि मराठीत वाचून दाखवले. पदवीचा विद्यार्थी सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत नोकरी करू शकतो. मात्र स्वतःचा व्यवसाय करता येणार नाही. स्वयंरोजगार करता येणार नाही. भागीदारीत दुकान टाकता येणार नाही. ज्या कंपनीत तुमचे १० टक्के किंवा त्याहून जास्त शेअर आहेत तिथे काम करता येणार नाही. संचालक होऊन काम करता येणार नाही.

भाऊजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं धक्का बसला. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र मॅट्रिकचा निकाल शंभर टक्के लागलेल्या मास्तराचा आनंद होता.

"म्हणजे," ते म्हणाले, "दुसऱ्याच्या दुकानात वीस तास पोछा मारला तर चालते, अन् आपलं दुकान टाकलं तर व्हिसा जाते?"

"हाव जी."

"इंग्रजाचं सरकार आपल्याच विचाराचं हाय बाप्पा!"

हे त्यांचं वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं, पण रात्री शटर पाडताना विचार केला तर ते शंभर नंबरी निघालं. त्यानंतर मी इतर देशांचेही कागद त्याच नजरेने पाहू लागलो. जगातली झाडून सारी सरकारं विद्यार्थ्याच्या बाबतीत भंडाऱ्याचा बाप होऊन बसलेली आहेत. फरक फक्त स्वभावाचा.

अमेरिका हा सगळ्यात कडक बाप. पहिल्या वर्षी कॅम्पसबाहेर कामाचं नाव नाही. कॅम्पसमध्ये सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, बस. पदवी हातात आली की ओपीटी नावाची १२ महिन्यांची मोकळीक मिळते आणि त्यात स्वतःचा धंदाही चालतो, पण तो शिकलेल्या विषयाचाच असला पाहिजे आणि आठवड्याला किमान २० तास केला पाहिजे. इतकी वर्षं ज्याने २० च्या वर जाऊ नको म्हणून डोळे वटारले, तोच आता २० च्या खाली येऊ नको म्हणून डोळे वटारतो. शिवाय एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त रिकामं बसायचं नाही. विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना आणखी २४ महिने मिळतात, मात्र तिथे प्रशिक्षणाचा आराखडा भरून देणारा मालक लागतो. आपण आपलेच साहेब होऊन चालत नाही. मेकॅनिकलची पदवी घेतलेल्या पोराला ओपीटीत पुरणपोळ्या विकायच्या असतील तर लाटण्याचं यंत्र आधी स्वतः डिझाइन करावं लागेल, आणि तेही नव्वद दिवसांच्या आत.

कॅनडा जरा मवाळ. नोव्हेंबर २०२४ पासून तिथे कॅम्पसबाहेर आठवड्याला २४ तास झाले आहेत. स्वतःचं काम केलं तर तेही त्याच २४ तासांत धरतात. ऑस्ट्रेलिया पंधरवड्याचा हिशेब ठेवतो: १४ दिवसांत ४८ तास. तिथे विद्यार्थ्याला एबीएन नावाचा ११ आकडी व्यवसाय क्रमांक काढता येतो, आणि तो मिळाला की इकडे आईला वाटतं पोराला सरकारी नोकरी लागली. जर्मनी दिवस मोजतो: वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे. २०२४ च्या मार्चच्या आधी हेच १२० आणि २४० होते. स्वतःचं काही करायचं तर परदेशी नागरिकांच्या कचेरीत जाऊन वेगळी परवानगी आणायची, म्हणजे भंडाऱ्यातून सुटलेला माणूस तिथेही कचेऱ्यांच्या रस्त्यालाच लागतो. जपान आठवड्याला २८ तास देतो. आयर्लंडचा बाप सुट्टीत ४० तासांपर्यंत ढील देतो, पण धंद्याचं नाव काढलं की इंग्लंडच्या ओसरीवर जाऊन बसतो.

इंग्लंडचा बाप तर गुरुजीच. नियमात त्याने बाकी कोणाला सुचलं नसेल तेही घालून ठेवलं आहे: विद्यार्थ्याने व्यावसायिक खेळाडू किंवा मनोरंजन करणारा कलाकार म्हणूनही काम करायचं नाही. ही अट वाचून मला लाखांदूरकडच्या एका पोराची काळजी वाटली. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगावी मंडप पडतात, रात्रभर नाटकं चालतात, आणि अर्ध्या पोरांनी कधी ना कधी तोंडाला रंग लावलेला असतो. तिकडच्या मंडळाच्या स्नेहसंमेलनात त्याने खलनायकाचं भाषण ठोकलं, प्रेक्षकांतून कोणी बक्षीस म्हणून दहा पौंडांची नोट खोचली, आणि कोणी विचारलं की हे मानधन की प्रेम, तर उत्तर द्यायला दांडपट्टा नव्हे, वकील लागेल.

त्या १० टक्क्यांच्या अटीवर आम्ही दुकानात बराच वेळ घालवला. भाऊजींच्या शेताच्या सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत. प्रत्येकाच्या वाट्याला नऊ टक्क्यांच्या जरा वर येतं. कंपनीचा कायदा शेताला लावला तर आपल्या वडिलोपार्जित जमिनीवर राबायला त्यातल्या एकालाही अडचण नाही. अडचण येते ती अकरापैकी एक जरी वारला आणि वाटे वाढले तर. भाऊजींनी लगेच कोण किती आजारी आहे याचा अंदाज घेतला. तराजू घेऊन आलेल्या इंग्रजांनी आपल्या पोराला तराजू धरू देऊ नये, हा विनोद आमच्या चौकातल्या प्रत्येक चहाटपरीवर करून झालेला आहे, म्हणून मी तो इथे करत नाही.

पूर्वी असं नव्हतं. आमच्या विदर्भातलेच पांडुरंग खानखोजे, वर्धेचे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते अमेरिकेत पोचले. शिकायला पैसे नव्हते म्हणून भांडी घासली, शेतांवर मजुरी केली, ओरेगॉनमध्ये शेतकीचं शिक्षण घेतलं. तेव्हा विद्यार्थी हा वेगळा परवाना नव्हता. अमेरिकेत कायद्यात विद्यार्थ्याचा वेगळा वर्ग आला तो १९२४ साली. आठवड्याला किती तास भांडी घासलीस असं खानखोज्यांना कोणी विचारलं नाही. शिक्षणासोबत त्यांनी एक जोडउद्योगही केला: १९१३ साली पॅसिफिक किनाऱ्यावर जी गदर पार्टी उभी राहिली, तिच्या संस्थापकांत ते होते. विद्यार्थ्याने रिकाम्या वेळात साम्राज्य उलथवायची संघटना काढली! आज तिथे पोट्ट्याला रिकाम्या वेळात मोमोजची गाडी काढता येत नाही. पुढे ते मेक्सिकोत शेतकीचे प्राध्यापक झाले, तेव्हा त्यांच्या वडिलांच्या पिढीतल्या कोणीतरी नक्की म्हटलं असेल, शेवटी लागला बाप्पा नोकरीला.

आता पोरं काहीच करत नाहीत असं नाही. एका खोलीत चार जण राहतात, त्यातला एक बाकी तिघांचे केस कापतो, मग शेजारच्या खोलीतले येतात, मग रस्त्यापलीकडचे. कोणी मुलगी रविवारी जास्तीच्या पोळ्या लाटते. जोवर त्या मैत्रिणींच्या पोटात जातात तोवर मैत्री, पैसे घेऊन डब्यात गेल्या की धंदा. हा हिशेब त्या पोरांना पक्का कळतो. त्यामुळे तिकडे मैत्रीची व्याख्या फार रुंद झाली आहे. भाच्याने मला विचारलं तेव्हा मी दुकानदार म्हणून एकच सल्ला दिला: पकडलं गेलं तर इथे नगरपरिषदेचा माणूस पाटी उचलून नेतो, तिकडे तुलाच उचलून नेतील. पाटी सोडवून आणता येते.

भाचा शहाणा. त्याने कॉलेजातल्या व्हिसाच्या सल्लागार बाईंना जाऊन विचारलं. त्यांनी सांगितलं की त्यासाठी वेगळा व्हिसा असतो, इनोव्हेटर फाउंडर नावाचा. त्यात तुमची कल्पना नवी आहे, चालण्यासारखी आहे आणि वाढण्यासारखी आहे असं मान्यताप्राप्त संस्थेने लिहून द्यावं लागतं. भाचा घरी येऊन विचार करत बसला. कोष्ट्यांच्या मागावर नवं म्हणावं असं एकच होतं: आता गिऱ्हाईक मिळत नाही.

मग त्याच्या डोक्यातून निघालं ते आमच्याकडच्या प्रत्येक अडचणीवरचं जुनं औषध: बाईमाणसाच्या नावावर करा. आमच्याकडे गॅस एजन्सीपासून सरपंचपदापर्यंत कितीतरी गोष्टी याच रस्त्याने चालतात. ताईच्या आधारावर मी उद्यम नोंदणी करून दिली; ती फुकट होते. तिच्या पॅनवर ५०० रुपये भरून आयात-निर्यात क्रमांक काढला. पोस्टाने २०२२ पासून डाकघर निर्यात केंद्रं सुरू केली आहेत, तिथून पार्सल परदेशी कसं जातं ते समजून घेतलं. ताई आयुष्यात पहिल्यांदा मालक झाली. भाऊजी म्हणाले, "कागदावर." ताई काही बोलली नाही. तिने त्या कागदाचं लॅमिनेशन करून घेतलं.

अडचण पुढेच होती. भाच्याला वाटलं होतं आईच्या नावावर धंदा आणि आपल्या हातात कारभार. पण नियम त्याने आता पुरता वाचला होता, आणि पुरता वाचलेला नियम फार वाईट असतो. खोलीत बसून भारतातला धंदा चालवला तरी तो चालवणाऱ्याचं शरीर इंग्लंडातच असतं. त्यामुळे पहिली ऑर्डर आली त्या रात्री माझ्यासमोर जो फोन झाला तो असा.

"बेटा, लेस्टरच्या बाईनं विचारलं, स्टोलचा भाव का सांगू?"

"आई, मी नाही सांगू शकत. मी व्हिसावर आहो."

"भाव सांगाले व्हिसा लागते?"

"भाव सांगणं म्हणजे कामच झालं जी."

"बरं, मग तू विद्यार्थी म्हणून सांग. समज का परीक्षेत प्रश्न आला: एका बाईने आंधळगावात स्टोल घेतला, पोस्टाचा खर्च इतका, तर तिने तो कितीले विकावा?"

भाचा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आई, सिलॅबसमध्ये नाही."

त्या दिवसापासून आमच्या घरात जगातला पहिला असा धंदा सुरू झाला ज्यात संस्थापकाला धंद्याबद्दल बोलायची बंदी होती. व्हिडिओ कॉलवर ताई स्टोल उलगडून दाखवायची आणि पोराच्या चेहऱ्याकडे पाहायची. भाऊजींना मागे उभं करून मी सांगायचो, पोरगा हसला तर तो विद्यार्थी म्हणून हसला असं धरायचं. रंग आवडला नाही की तो खिडकीबाहेर पाहायचा. खिडकीबाहेर पाहायला तासांची मर्यादा नाही. मधेच २४ जुलै २०२५ ला भारत आणि ब्रिटन यांच्यात मुक्त व्यापार करारावर सह्या झाल्या. भाऊजींनी बातमी मोठ्याने वाचली. दोन देश व्यापाराला मुक्त होऊन राहिले होते. दोन्ही देशांत मिळून बांधलेला उरला होता एकटा आमचा भाचा.

बोलायला कोणी नाही म्हटल्यावर ताई स्वतःच शिकली. आंधळगावला जाऊन विणकरांशी तिने स्वतः भाव केला. मी सोबत होतो. एका म्हाताऱ्याने तिच्या आजेसासऱ्याचं नाव काढलं आणि पाच टक्के कमी केले. तिने त्याच नावाचा आधार घेऊन आणखी पाच कमी करून मागितले. म्हातारा म्हणाला, "तुमच्या घरचे विणत होते तेव्हा एवढे हुशार नव्हते जी." तिने लेस्टरच्या बाईला भाव सांगितला, तो ऐकून मलाच धाप लागली. बाईने तीन मागवले. १३५ पौंडांपर्यंतच्या पार्सलवर तिकडे सीमाशुल्क लागत नाही, पण विक्रीकराचा हिशेब विकणाऱ्याने करायचा असतो, हे तिने सीएकडून कळून घेतलं आणि मला समजावून सांगितलं. इतकी वर्षं मी दुकान चालवतो, मला कोणी समजावून सांगण्याच्या लायकीचं समजलं नव्हतं.

यथावकाश भाच्याचा कोर्स संपला आणि त्याला ग्रॅज्युएट व्हिसा मिळाला. या व्हिसावर दोन वर्षं राहता येतं. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीडच वर्ष मिळणार आहे. यात धंदा चालतो. स्वयंरोजगार चालतो. दुकान टाका, संचालक व्हा, शंभर टक्के शेअर घ्या. मी कागद वाचून दाखवले तेव्हा भाऊजींचा चेहरा असा पडला की इंग्लंडवरचा त्यांचा विश्वासच उडाला. "एवढं चांगलं चाललं होतं त्यायचं," ते म्हणाले.

त्यांनी घाबरायचं कारण नव्हतं. आठवड्याभरात भाच्याचा फोन आला. एका मालवाहतुकीच्या कंपनीत लागला होता. "पगार पक्का आहे मामाजी. शनिवार-रविवार सुट्टी. धंद्यात रिस्क लय आहे जी." भाऊजींनी मोहाडीत पेढे वाटले, आणि मी पाहिलं की ते वाटताना चौंडेश्वरीच्या देवळाच्या दिशेने त्यांनी दोनदा हात जोडले. मनाई होती तोवर पोराला धंद्याची स्वप्नं पडत होती, रात्र रात्र झोप नव्हती; परवानगीचा कागद हातात आला आणि त्याला गाढ झोप लागली. तेव्हा मला वाटलं, भंडाऱ्यातल्या बापांनी इतकी वर्षं आशीर्वाद उलटा दिला. "बेटा, दुकानच टाक" असं दर पिढीला सांगितलं असतं, तर मागच्या पन्नास वर्षांत जिल्ह्यात एकही दुकान उघडलं नसतं, आणि पितळेच्या भट्ट्यांना मनाई केली असती, तर त्या पोरांनी चोरून चालू ठेवल्या असत्या.

ताईचं मात्र थांबलं नाही. तिला कोणी आशीर्वादही दिला नव्हता आणि मनाईही केली नव्हती. माहेरीही नाही आणि सासरीही नाही. आता आंधळगावचे विणकर तिला विचारून रंग ठरवतात. परवा भाच्याने पगाराची पहिली सहामाही झाल्यावर हिशेब मांडला, आईची ऑर्डरबुकं पाहिली, आणि मला मध्यस्थ घालून फोन केला. आता त्याला कायद्याने मोकळीक आहे, कल्पना मुळात त्याचीच होती, तर इंग्लंडच्या बाजूने त्याला अर्ध्या वाट्याचा भागीदार करून घ्यावं, असं त्याचं म्हणणं.

ताईने ते शांतपणे ऐकलं. चष्मा लावला, माझ्या दुकानात लॅमिनेट केलेला कागद समोर धरला आणि म्हणाली, "पहिले आठवड्याले वीस तास काम करून दाखव. जमलं तर पुढचं पाहू. अन् दहा टक्क्याच्या वर नको मागू बाप्पा, धंदा होईन."